सरहद्दीपलीकडून येणारा आवाज
(द्वितीय वर्ष, वाणिज्य शाखा)

मनुष्याला अन्न, वस्त्र आणि निवारा यांच्या खालोखाल बातमीची गरज असते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. बाजारात भाव काय आहे, उद्याची गाडी सुटणार की नाही, पलीकडच्या गावात गोळीबार झाला म्हणतात तो खरा का, या साध्या प्रश्नांना उत्तर मिळाले नाही तर रोजचा व्यवहारसुद्धा थांबतो. म्हणूनच ज्या राज्यकर्त्याला लोकांना मुठीत ठेवायचे असते, तो पहिला हात बातमीवर ठेवतो. छापखान्यावर पहारा बसतो, टपाल फोडून वाचले जाते, बाहेरची वर्तमानपत्रे नाक्यावर जप्त होतात. पण हवेतून येणाऱ्या आवाजाला नाका नसतो. सेन्सॉरखाली राहणाऱ्या लोकांसाठी बाहेरून होणाऱ्या नभोवाणी-प्रक्षेपणाचा थोडा अभ्यास या लेखात मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

हा विषय मी का निवडला हे सांगितले पाहिजे. माझे घर सुरतेत बमरोलीला आहे. वडील लूमच्या खात्यात कामाला. शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची. आजोळ मात्र खानापूर तालुक्यात लोंढ्याच्या बाजूला, तिथे घरात मराठी आणि अंगणात कन्नड. बी. कॉम.साठी बेळगावला आले आणि सुटीत बमरोलीला जाऊ लागले, तेव्हा लक्षात आले की या विषयातील आपल्या देशातल्या दोन ठळक गोष्टींपैकी एक माझ्या घराजवळ सुरू होते आणि दुसरी माझ्या आजोळाजवळ. पुस्तकात आपण लंडन-मॉस्कोची उदाहरणे वाचतो. घराशेजारची मात्र राहून जातात.

लहरी कशा प्रवास करतात

प्रथम थोडे शास्त्र पाहू. नभोवाणीच्या लहरी लांबीप्रमाणे ओळखल्या जातात. मध्यमलहरी जमिनीला धरून जातात आणि दिवसा फार दूर पोचत नाहीत. लघुलहरी, म्हणजे साधारण १० ते १०० मीटर लांबीच्या, वर जातात आणि पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर असलेल्या विद्युत्भारित थरावर आपटून पुन्हा खाली येतात. या परावर्तनामुळे एका देशातले केंद्र हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या देशात ऐकू येते. लहरीची लांबी कळली की कंपनसंख्या काढता येते. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, म्हणजे ३० कोटी मीटर. त्याला ४२.३४ मीटरने भागले तर सेकंदाला सुमारे ७१ लाख कंपने येतात. हा ४२.३४ चा आकडा मी उगाच घेतलेला नाही. तो पुढे येणार आहे.

अशा लहरी अडवण्याचे उपाय तीन. प्रक्षेपकाचा माग काढून तो जप्त करणे, हा पहिला. एकाच केंद्राच्या लहरी निरनिराळ्या ठिकाणांहून दिशादर्शक यंत्राने मोजल्या तर दिशांच्या रेषा जिथे छेदतात तिथे केंद्र असते. पण केंद्र दुसऱ्याच्या हद्दीत असेल तर माग लागूनही हात पोचत नाही. दुसरा उपाय म्हणजे त्याच लहरीवर गोंगाट सोडून आवाज बुजवणे. यात हिशोब बुजवणाऱ्याच्या विरुद्ध जातो, कारण एका लांबच्या प्रक्षेपकाला गप्प करण्यासाठी शहरोशहरी गोंगाटाची केंद्रे उभारावी लागतात. सोव्हिएत संघाने हा खर्च अनेक वर्षे केला आणि १९८८ च्या अखेरीस थांबवला. तिसरा उपाय सर्वांत स्वस्त, तो म्हणजे ऐकणाऱ्याला शिक्षा. १ सप्टेंबर १९३९ रोजी, महायुद्धाच्या पहिल्याच दिवशी, हिटलरच्या जर्मनीने परदेशी केंद्रे ऐकणे हा गुन्हा ठरवला. पुढे जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये घरोघरचे रेडिओच जमा करून घेण्यात आले. तरीही लोक माळ्यावर, तळघरात, पांघरुणाखाली लंडन ऐकतच राहिले.

सरस गावची मुलगी

त्याच महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात सेन्सॉर होता तो इंग्रजांचा. नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे आझाद हिंद रेडिओ हे केंद्र १९४२ पासून जर्मनीहून हिंदुस्थानासाठी बोलत होते. इंग्रजीबरोबरच हिंदी, बंगाली, तमिळ, मराठी अशा आपल्या भाषांतही त्याची वार्तापत्रे होत. परकी सत्ता, परक्या भूमीवरचे प्रक्षेपण आणि ऐकणारे मात्र आपले, असा हा प्रकार होता.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सर्व पुढारी पकडले गेले. वर्तमानपत्रांवर बंधने आली. अशा वेळी काही तरुणांनी मुंबईत गुप्त केंद्र उभारले, ते काँग्रेस रेडिओ. त्याच्या प्रमुखांपैकी एक होत्या उषा मेहता. जन्म २५ मार्च १९२०, सुरतेजवळच्या सरस गावी. त्यांचे वय तेव्हा २२, म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी जास्त. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर पहिले प्रक्षेपण झाले. आपण हिंदुस्थानात कुठून तरी बोलत आहोत, इतकाच पत्ता ते केंद्र सांगत असे. माग लागू नये म्हणून प्रक्षेपक एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत. डॉ. राममनोहर लोहिया यांचा या कामाशी जवळचा संबंध होता.

विदर्भातल्या चिमूर आणि आष्टी येथे झालेल्या अत्याचारांच्या हकीकती छापायला वर्तमानपत्रे धजत नव्हती, त्या या केंद्राने सांगितल्या. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी केंद्र पकडले. अवघ्या अडीच महिन्यांचे आयुष्य. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९४६ साली त्या सुटल्या. काँग्रेस रेडिओ शत्रूच्याच हद्दीत होता, म्हणून तो सापडला. पुढच्या केंद्राने ही अडचण सरहद्द ओलांडून सोडवली.

आंबोली ते कॅसलरॉक

डॉ. लोहिया १९४६ साली तुरुंगातून सुटले आणि विश्रांतीसाठी गोव्यात असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे गेले. तिथे त्यांना जे दिसले त्याने विश्रांती बाजूला राहिली. पोर्तुगालमध्ये १९२६ च्या लष्करी उठावानंतर प्रसिद्धिपूर्व तपासणी आली होती आणि सालाझारच्या राजवटीत ती गोव्यातही घट्ट बसली होती. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सेन्सॉरकडे न्याव्या लागत, असे त्या काळचे लोक सांगत. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. लोहियांनी सभाबंदी मोडली आणि त्यांना अटक झाली. गोव्यात हा दिवस आजही क्रांतिदिन म्हणून पाळला जातो.

भारत स्वतंत्र झाला तरी गोवा, दमण, दीव पोर्तुगीजांकडेच राहिले. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली. सुरतेहून वापीकडे निघाले की हा प्रदेश लागतो. या लढ्यात गायक-संगीतकार सुधीर फडके होते, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. तिथे पोर्तुगीजांची बिनतारी यंत्रे हाती लागली, आणि त्यांतूनच गोव्यासाठी प्रक्षेपक तयार झाला, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि अनेक जण ठार झाले. त्यानंतर भारताने सरहद्द बंद केली. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे मुरगावला जाणारी आगगाडी थांबली. माणसे, माल, वर्तमानपत्रे, सर्वांचीच ये-जा तुटली. गोव्याच्या आत बोलायला सरकारी ‘एमिसोरा द गोवा’ आणि सेन्सॉर केलेली पत्रे एवढेच उरले.

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी सावंतवाडीजवळच्या आंबोलीच्या जंगलातून नवा आवाज सुरू झाला. कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘व्होझ द लिबरदाद’, म्हणजे स्वातंत्र्याचा आवाज. चालवणारे होते वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. आरंभीच्या उभारणीत निकोलाव मिनेझिस त्यांच्याबरोबर होते. लिबिया लोबो मुंबईत वाढलेल्या, कायदा शिकलेल्या. महायुद्धात त्यांनी मुंबईत इटालियन युद्धकैद्यांची पत्रे तपासण्याचे काम केले होते. सेन्सॉरची खुर्ची आतून पाहिलेली व्यक्ती पुढे सेन्सॉरविरुद्ध उभी राहिली, असे हे उदाहरण आहे.

यंत्र मालमोटारीवर बसवलेले होते. पुढे केंद्र आंबोलीहून कॅसलरॉकच्या जंगलात नेण्यात आले. आंबोली महाराष्ट्रात, कॅसलरॉक कर्नाटकात. आपल्या अंकाच्या दोन विभागांतल्या दोन भाषांच्या मुलुखांतून हा आवाज तिसऱ्याच दोन भाषांत गोव्यात जात होता. भाषांची ही निवड विचारपूर्वक होती. पोर्तुगीज ही अधिकाऱ्यांची, शिपायांची आणि शिकलेल्या वर्गाची भाषा, तर कोकणी घराघरातली. भारतात आणि जगात गोव्याविषयी काय बोलले जाते, लढ्यात काय चालले आहे, आणि सरकारी केंद्र सांगते त्यातले खोटे काय, हा या प्रक्षेपणाचा मुख्य मजकूर असे.

आजोळाकडचा पाऊस मला माहीत आहे. आंबोली आणि कॅसलरॉक ही दोन्ही ठिकाणे घाटमाथ्यावरची. तिथे पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, जळू पायाला लागतात. अशा जागी दोन माणसांनी सहा वर्षे एक केंद्र चालवले. मोठी इमारत नाही, नोकरवर्ग नाही, नाव नाही. ऐकणाऱ्याला ते कुठून बोलतात हेही माहीत नव्हते.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य सरहद्दीवर आले, तेव्हा शरण येण्याविषयीचा संदेश पोर्तुगीज गव्हर्नर जनरलला ऐकवण्यासाठी हाच आवाज वापरला गेला. १८ डिसेंबरला बेळगावजवळच्या सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे पोर्तुगीज बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. १९ तारखेला पोर्तुगीज शरण आले आणि सरदेसाई व लोबो यांनी विमानातून, ध्वनिवर्धक लावून, पोर्तुगीज आणि कोकणीत गोवा मुक्त झाल्याची बातमी आकाशातून सांगितली. पुढे दोघांनी विवाह केला. वामन सरदेसाईंना १९९२ साली आणि लिबिया लोबो सरदेसाईंना वयाच्या शंभराव्या वर्षी, २०२५ साली, पद्मश्री जाहीर झाली. जुन्या ‘एमिसोरा द गोवा’चे रूपांतर आकाशवाणीच्या पणजी केंद्रात झाले.

बातमीची हुंडी

आता मी माझ्या शाखेच्या दृष्टीने या विषयाकडे पाहते. न दिसणाऱ्या, नाव न सांगणाऱ्या केंद्रावर लोक विश्वास का ठेवतात? जवळचे सरकारी केंद्र मोठ्या आवाजात, स्पष्ट ऐकू येत असताना खरखरीतून येणारा अर्धामुर्धा आवाज कान लावून का ऐकतात?

सुरतेच्या कापड बाजारात ताके उधारीवर जातात. लिहिलेल्या कागदापेक्षा देणाऱ्याचे नाव पाहिले जाते. ज्याने दोनदा मुदत चुकवली त्याला तिसऱ्यांदा माल मिळत नाही, मग त्याचे दुकान कितीही झगझगीत असो. पूर्वीच्या हुंडीचे तत्त्वही हेच. नभोवाणीवरची बातमी ही ऐकणाऱ्याच्या नावावर काढलेली हुंडी आहे. तो ती आज स्वीकारतो, आणि उद्या प्रत्यक्षात तसे घडलेले दिसले की ती वटते. वटत गेली की पत वाढते. एकदा बुडाली की ती पुन्हा मिळवायला फार काळ लागतो.

जगातली दोन उदाहरणे पाहावीत. महायुद्धाच्या आरंभी इंग्रजांची पीछेहाट होत असताना बीबीसीने ती पीछेहाट सांगितली. ऐकणाऱ्याने हिशोब केला की जो स्वतःचा तोटा सांगतो, तो उद्या नफा सांगेल तेव्हा खोटे बोलत नसेल. याउलट म्युनिकहून पूर्व युरोपासाठी बोलणाऱ्या रेडिओ फ्री युरोपच्या काही हंगेरियन कार्यक्रमांमुळे १९५६ च्या उठावात पाश्चात्य मदत येणार अशी समजूत पसरली. मदत आली नाही. रणगाडे आले. त्या केंद्राला पुढे आपल्या कामाची चौकशी आणि फेररचना करावी लागली. लोकांना धीर देणे आणि लोकांना खोटी आशा लावणे यांत फरक आहे, आणि या फरकाची किंमत बोलणारा नव्हे तर ऐकणारा मोजतो.

सेन्सॉर बातमी बंद करतो, पण बातमीची मागणी बंद करू शकत नाही. मागणी आहे आणि पुरवठा नाही, अशा ठिकाणी काळाबाजार होतो हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातच शिकवतात. बातमीचा काळाबाजार म्हणजे अफवा. तिच्यावर शिक्का नसतो, वजन नसते, आणि ज्याला गरज जास्त त्याला ती सर्वांत महाग पडते.

हे मी बमरोलीत पाहिले आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातेत मोबाइलचे इंटरनेट काही दिवस बंद केले होते. सुरतेच्या काही भागांत संचारबंदी लागली होती, लष्कर आले होते. मी तेव्हा लहान होते. आमच्या गल्लीत खानदेशातले, ओडिशातले, बिहारमधले लोक, आणि प्रत्येकाकडे वेगळी बातमी. कोणी म्हणे आठ दिवस खाते उघडणार नाही, कोणी म्हणे गाड्या बंद. काही घरांनी त्या ऐकीव बातमीवर सामान बांधले. लूम बंद पडला तर ताक्याचे पैसे नाहीत, त्यामुळे खरी बातमी ही तिथे गप्पांची गोष्ट नव्हती. ती आठवड्याच्या किराण्याची गोष्ट होती. शेजारच्या एका काकांकडे जुना ट्रान्झिस्टर होता. संध्याकाळच्या बातम्यांना त्यांच्या दाराशी पंधरा-वीस माणसे उभी राहत आणि ऐकून झाले की आपापल्या भाषेत पुढे सांगत. शांतता राखण्यासाठी इंटरनेट बंद केले असे सांगितले गेले, आणि त्यामागचा हेतू मी नाकारत नाही. पण रिकाम्या जागेत काय भरते, हेही हिशोबात धरले पाहिजे.

आपल्या घरचा सेन्सॉर

सेन्सॉर नेहमी परक्याचाच असतो असे समजणे सोयीचे आहे, पण खरे नाही. ज्या भारताच्या भूमीवरून गोव्याला मुक्त आवाज ऐकवला गेला, त्याच भारतात १९६१ नंतर चौदा वर्षांनी, जून १९७५ मध्ये, आणीबाणी जाहीर झाली आणि वर्तमानपत्रांवर प्रसिद्धिपूर्व तपासणी आली. मराठीत ‘साधना’ साप्ताहिकाने आणि बडोद्याच्या ‘भूमिपुत्र’ने या बंधनांशी झुंज दिली. त्या एकवीस महिन्यांत आपल्याच देशाची बातमी कळण्यासाठी कितीतरी भारतीयांनी रात्री बीबीसी लावली. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिराजींची हत्या झाली, तेव्हा आकाशवाणीने निधनाची बातमी संध्याकाळी दिली, पण बीबीसीने ती काही तास आधीच सांगितली होती. बंगालच्या दौऱ्यावर असलेल्या राजीव गांधींनीही खात्रीसाठी बीबीसीच लावली, असे सांगतात. घरच्या केंद्राची पत घरच्यांनीच कमी केली की असे होते.

आज लघुलहरींचे दिवस ओसरले आहेत. बीबीसीचे लघुलहरींवरील हिंदी प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२० रोजी संपले. मार्च २०२५ मध्ये ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चे बहुतेक कर्मचारी रजेवर पाठवण्यात आले. आता बातमी फोनवर येते असे आपण म्हणतो. पण फोनच्या बातमीला मनोरा लागतो, कंपनी लागते, आणि तो मनोरा एका आदेशाने बंद होतो. दोन सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरला अशी परवानगी लागत नाही. म्हणून हे यंत्र जुने झाले तरी निरुपयोगी झाले असे मला वाटत नाही. निदान घरात एक असावे.

समारोप

या अभ्यासातून मला जे समजले ते थोडक्यात असे. बाहेरून येणारा आवाज सेन्सॉरची भिंत पाडत नाही. काँग्रेस रेडिओने राज्य उलथवले नाही, आणि गोवा शेवटी सैन्याने मुक्त केला. तसेच ही केंद्रे तटस्थ नव्हती, ती लढ्याची केंद्रे होती, हेही मान्य करायला हवे. परंतु त्यांनी एक काम केले. बंद घरात बसलेल्या माणसाला सांगितले की तुझ्यावर जे घडते आहे ते बाहेर ठाऊक आहे, आणि बाहेर जे घडते आहे ते हे असे. एवढ्यानेही माणूस ताठ बसतो.

दुसरी गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे ऐकणाऱ्यांसाठी. केंद्राची पत ऐकणारा ठरवतो. विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपण परीक्षेसाठी ताळेबंद तपासायला शिकतो, प्रत्येक नोंदीला पावती मागतो. रोज हातात येणाऱ्या बातमीलाही पावती मागण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. ही कोणी सांगितली, त्याचे मागचे शब्द खरे ठरले होते का, त्याने स्वतःच्या बाजूचा तोटा कधी सांगितला आहे का? हे तीन प्रश्न विचारायला प्रक्षेपक लागत नाही की जंगलात राहावे लागत नाही. गोव्यातल्या ज्या अनाम माणसांनी दारे लावून, आवाज बारीक करून सहा वर्षे ते केंद्र ऐकले, त्यांना हे प्रश्न पडले असतीलच. त्यांची नावे कुठल्या यादीत नाहीत. पण त्यांनी ऐकले नसते, तर कॅसलरॉकच्या पावसात ती दोन माणसे नुसतीच झाडांशी बोलत बसली असती.